बर्फ कोनले?

वारा जास्त आहे, आज चढायचं नाही,
असा निरोप ब्राह्मणवेलच्या पठारावरून आला
की माझी बोलेरो साक्रीच्या लॉजखाली उभी राहते
आणि मला दोघांचं ऐकावं लागतं.
एकत्र नाही. वेगवेगळं.

सकाळी डस्टिन, ओहायोचा. पुढच्या सीटवर,
गुडघे डॅशबोर्डला टेकवून.
हे युरोपवाले, योगराज, एक नट आवळायचा
तर तीन सह्या लागतात यांना.
ऑगस्टमध्ये अख्खा खंड कुलूप लावून समुद्रावर जातो.
त्यांची कॉफी बघितलीस? औषधाच्या झाकणात मावेल.
आणि हा येन्स, आठ दिवस माझ्या शेजारी जेवतोय,
त्याला मुलं किती, अजून मला माहीत नाही.

संध्याकाळी येन्स, डेन्मार्कचा. मागच्या सीटवर,
गाडी उभी असली तरी पट्टा लावून.
अमेरिकन माणूस, तो हळू आवाजात सांगतो,
कसा आहेस विचारतो आणि उत्तराआधी निघून जातो.
पाण्यात बर्फ नाही, बर्फात थोडं पाणी.
एकदा पॅरिस पाहिलं की याचा युरोप संपला.
मशीन अडलं तर आधी हातोडा, मग पुस्तक.
मुलांचे फोटो दाखवले त्याने मला. चौदा.
मी मागितले नव्हते.

धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालो
ते हे ऐकायला.
खोटं वाटत नाही. खरंही वाटत नाही.
माझी नाशिकची मामी, आम्ही दारात आलो की खिडक्या लावते:
तुम्ही खान्देशी लोक बोलता की भांडता?
भाजी वाढली की ताट तिरकं करून तेल निथळवते.
आणि आम्ही, तिच्याकडून निघालो
की सटाणा येईपर्यंत
तिच्या अर्ध्या कप चहावर बोलत असतो.

तर मेसवर मीच सांगून ठेवलं गोजाबाईला:
एकाला बर्फ, भरपूर, आणि गप्पा.
दुसऱ्याला काळा चहा, लहान कपात,
आणि त्याच्याशी बोलायचं नाही.
ती कळण्याची भाकरी थापत होती.
मान वर न करता म्हणाली,
"माले त्या दोन्ही सारखाच दिखतस भो.
बर्फ कोनले?"
मी सांगितलं. ती विसरली.

येन्सच्या पुढ्यात स्टीलचा ग्लास,
आत लादीचा फोडलेला, मुठीएवढा तुकडा,
आणि वरून प्रश्न:
लगीन व्हयनं का? माय शे का? वावर कितलं शे?
मी इकडचं तिकडे करत राहिलो.
माय आहे. तिला एका डोळ्याने दिसत नाही.
बापाची डुकरं होती दोनशे, ती विकली
त्या रात्री बाप गोठ्यात झोपायला गेला.
हे सांगताना त्याने ठेचा चमचाभर तोंडात टाकला,
डोळे पुसले,
आणि असा हसला की भांडी घासणारी पोरगी
राखेच्या हाताने बाहेर आली.

डस्टिनला लहान कप. कोणी काही विचारलं नाही.
तो ओट्यावर जाऊन बसला,
पठारावरच्या थांबवलेल्या पात्यांकडे पाहत.
चहा संपला तरी कप हातातच.
मी म्हटलं, बर्फ आणू?
नको, म्हणाला. राहू दे.
फोन खिशातून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच वाढलं गेलं.
मी गोजाबाईला बोललो नाही.
तेही बोलले नाहीत.

मग वारा पडला, गिअरबॉक्स बसला,
आणि दोघे पहिल्यांदाच मागे शेजारी शेजारी बसले.
कुसुंब्याजवळ त्यांचं एकमत झालं:
तुम्ही भारतीय लोक कधी नाही म्हणत नाही.
नुसती मान हलवता.
हो ना, योगराज?

आरशात दोन लाल, उन्हाने सोललेली नाकं.
मी मान हलवली.

ती हो होती की नाही,
यावर धुळे येईपर्यंत
त्यांचं भांडण चाललं.